मूल परवडतं, ते कुणाच्या जिवावर?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना या तालुक्यात सगळे ‘सिस्टर’ एवढ्याच नावानं ओळखत. उपकेंद्रातल्या नोकरीत त्यांनी असंख्य बाळंतपणं केली आणि तितकाच वेळ ‘आता पुढचं काय ठरवलंस?’ हे बायकांना विचारण्यात घालवला. विषय निवडायचं संयोजकांनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. मी अर्थशास्त्र शिकवलं आणि सिस्टर ज्या प्रश्नाशी रोज झुंजल्या तो मुळात अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. एका घराला मुलं किती परवडतात?

हा प्रश्न आता घरोघरी उघडपणे बोलला जातो. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात हे सांगणारा आकडा म्हणजे एकूण जननदर. १९९२-९३च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात तो २.९च्या आसपास होता. २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत १.७ झाला. शेजारी गोव्यात १.३. लोकसंख्या आहे तेवढीच राहायची तर साधारण २.१ लागतो. म्हणजे ‘लोकांना कळत नाही, पोरं वाढवतच राहतात’ हे जुनं गाऱ्हाणं महाराष्ट्रापुरतं तरी निकालात निघालं. लोकांना कळतं. लोकांनी हिशेब केला आहे.

मला बोलायचंय ते त्या हिशेबाबद्दल. तो मांडताना आपण दवाखान्याचं बिल धरतो, शाळेची फी धरतो, उद्याच्या लग्नाचाही खर्च धरतो. आणि सगळ्यांत मोठा खर्च धरतच नाही. तो खर्च आई करते, आपल्या शरीरातून, आपल्या दिवसाच्या तासांतून आणि आपल्या हातच्या कमाईतून. त्यात जिचा एवढा खर्च होतो, तिला विचारूनच आकडा ठरला असं आजही फार थोड्या घरांत घडतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इचलकरंजीत राहते. नवरा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. ती एका कापड दुकानात हिशेब लिहायची. मुलगी चार वर्षांची झाली आणि घरात दुसऱ्याचा विषय निघाला. सासूबाईंना नातू हवा होता, नवऱ्याला खर्चाची धास्ती होती. नवराबायको माझ्याकडे आले ते शंभर पानी वही घेऊनच. नवरा मोठा नीटनेटका माणूस. मुलीवरचा चार वर्षांचा खर्च त्यानं तारीखवार लिहिला होता. सिझेरियन आणि दवाखान्याचं बिल ५५,०००. बारसं २०,०००. दुधाची पावडर, डायपर, लशी, डॉक्टर मिळून महिन्याला २,००० धरले तर चार वर्षांचे ९६,०००. बालवाडीची फी, गणवेश आणि रिक्षा २४,०००. खाली दुहेरी रेघ मारून बेरीज, १,९५,०००. तो म्हणाला, ‘बाई, एक मूल चार वर्षांत दोन लाखांना पडतं. दुसरं झेपेल का, तुम्हीच सांगा.’

मी विचारलं, हिला पगार किती होता? म्हणाला, ११,०००. बाळंतपणानंतर परत कामावर कधी गेली? गेलीच नाही. सासूबाई गावाकडे, बाळाला सांभाळायला कुणी नाही. मी त्याच वहीच्या मागच्या पानावर अकरा हजारांना अठ्ठेचाळीस महिन्यांनी गुणायला सांगितलं. ५,२८,००० आले. पुढच्या पानावरच्या बेरजेच्या अडीचपटीहून जास्त. हिशेब लिहिणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. ही वहीही ती रोज पाहत होती. पण आपला बुडालेला पगार हा खर्च आहे, हे तिच्याही मनात आलं नव्हतं. पुन्हा दुकानात गेली तर मालक तिला नव्यानं लागलेल्या मुलीइतकाच पगार देणार, म्हणजे नुकसान पुढेही चालूच. सिझेरियननंतर कंबर धरते, ओझं उचलवत नाही, हे तिनं जाता जाता सांगितलं. त्याला तर रुपयाही लावता येत नाही.

पुढे त्या दोघांनी काय ठरवलं ते मी इथे सांगणार नाही. निर्णय त्यांचा आहे. मला एवढंच म्हणायचंय, की ज्या रकान्यात सगळ्यांत मोठा आकडा पडायचा तो रकानाच त्या वहीत आखलेला नव्हता, आणि तशा वह्या घरोघरी आहेत.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळाकडे वळू. ‘ज्यानं चोच दिली तो चाराही देईल’ ही म्हण आपण आज अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगतो. ते बरोबर नाही. त्या घरांनीही हिशेब केला होता, फक्त त्यांच्या जमाखर्चाच्या बाजू वेगळ्या होत्या. पंजाबात खन्ना या गावाच्या परिसरात १९५०च्या दशकात परदेशी संशोधकांनी कुटुंबनियोजनाचा मोठा प्रयोग केला. घरोघर जाऊन गोळ्या वाटल्या. लोकांनी आदरानं गोळ्या घेतल्या आणि मुलं होतच राहिली. महमूद ममदानी हे अभ्यासक पुढे त्या परिसरातल्या मनुपूर या गावात जाऊन राहिले आणि १९७२ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: शेतात मजूर लावण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्याला मुलगे हेच मनुष्यबळ होतं. एक कापणीला, एक गुरांमागे, एक शहरात कमवायला. ज्याला मुलगे जास्त त्याची म्हातारपणाची सोय झालेली. त्या माणसाला ‘कमी मुलं म्हणजे सुख’ सांगणं म्हणजे त्याला हातचं भांडवल विकायला सांगणं होतं.

दुसरी गोष्ट मरणाची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १३० बाळं वर्षाच्या आत जात. दोन जगावीत म्हणून चार जन्माला घालायची, हा त्या घरांचा साधा विचार होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांना हे पहिल्यांदा उमगलं. त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. हगवणीत मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, बाळंतिणीची काळजी कशी घ्यायची, लस कधी टोचायची, हे शेजारणीनं शेजारणीला शिकवलं. मूल जगतंय अशी खात्री झाल्यावर बायका आपणहून पाळणा थांबवायचं विचारू लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचं जे काम केलं त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि जगभर वाचले गेले. २०२० साली महाराष्ट्रात हजारी १६ बालमृत्यू नोंदले गेले. जन्मदर उतरला त्यामागे हे सगळं आहे. भिंतींवर रंगवलेल्या कुटुंबनियोजनाच्या नुसत्या लाल त्रिकोणांनी तो उतरला नाही.

पण त्या जुन्या हिशेबातही, ज्यात मुलं जमेच्या बाजूला होती, आईचा खर्च मांडलेला नव्हताच. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद देणाऱ्यांनी आठ बाळंतपणांनी बाईचं काय होतं ते लिहून ठेवलं नाही.

मराठवाड्यातला ऊसतोडीचा फड आजही असाच चालतो. तिथं मजूर माणशी मोजत नाहीत. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादमाकडून जोडीनं उचल घ्यायची आणि हंगामभर टनावर ती फेडायची. कोयता पुरा व्हावा म्हणून मुलाचं लग्न लवकर, म्हणजेच सुनेचं त्याहून लवकर. फडात धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी शाळा सोडून बरोबर. एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात, त्यामुळे पाळीच्या दिवसांत बसून राहणं परवडत नाही, गरोदरपणात परवडत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातून बातम्या आल्या, की विशी-तिशीतल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढून टाकली आहेत. राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली; अशा बायका हजारोंनी निघाल्या. दोन-तीन मुलं झाली, आता पिशवीचं काम नाही, खाडे तर टळतील, असा तो विचार. घराला काय परवडतं याचा हिशेब बाईचं शरीर वगळून केला, की तो कुठवर जातो हे बीडच्या बायकांनी दाखवलं आहे. मला याहून भयंकर उदाहरण माहीत नाही.

आता ज्या माणसानं हा वगळलेला खर्च मराठीत पहिल्यांदा ठासून मांडला त्याच्याकडे येते. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. मेरी स्टोप्स यांचं लंडनमधलं केंद्रही त्याच वर्षीचं, म्हणजे मुंबई या बाबतीत लंडनच्या मागे नव्हती. या कामापायी १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ साली मरण येईपर्यंत ते चालवलं. पैसा नाही, पाठिंबा नाही, घर चालवायला पत्नी मालतीबाईंची साथ. दोघांनी विचार करून स्वतःला मूल होऊ दिलं नाही आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. हे मी मुद्दाम सांगते. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी नवऱ्यानं हा भार स्वतःच्या अंगावर घेतला.

कर्व्यांचं वेगळेपण असं, की देशाची लोकसंख्या वाढते म्हणून संततिनियमन करा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. बाईला नको असताना दिवस जाणं हा तिच्यावरचा अन्याय आहे, मूल हवं की नको हे ठरवण्याचं साधन तिच्या हातात असलं पाहिजे, हे त्यांचं मूळ म्हणणं. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी ठराव मांडला. त्यासाठी बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण आज त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत वाचायला मिळतं. त्यात गरिबीचा मुद्दा आहे, आरोग्याचा आहे. आणि एक मुद्दा असा आहे, की प्रसूतीच्या वेदना पुरुषांना भोगाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कोणी कबूल झाला नसता. मी ज्या रकान्याबद्दल बोलते आहे तो त्या दिवशी सभागृहात मांडला गेला होता. ठराव फेटाळला गेला.

त्याच्या तीन वर्षं आधी, डिसेंबर १९३५ मध्ये, मार्गारेट सँगर या अमेरिकन कार्यकर्त्या गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. गांधीजींना कृत्रिम साधनं मान्य नव्हती. त्यांचा भर संयमावर. त्या भेटीत दोघांचं जुळलं नाही असंच आपण वाचतो. मला त्यातली एक जुळलेली गोष्ट महत्त्वाची वाटते. नवऱ्याला नकार देण्याचा हक्क बायकोला आहे आणि तिनं तो बजावायला शिकलं पाहिजे, हे गांधीजींनीही मानलं. नुसत्या नकारावर बाईनं कसं निभवायचं याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं, आणि इथे मी निःसंशय कर्व्यांच्या बाजूची आहे. पण शेवटचा शब्द तिचा, इथवर गांधीजी आणि कर्वे एकाच वाटेवर होते. पुढे शकुंतला परांजपे यांनी संततिनियमनाचं काम खेड्यापाड्यांत नेलं आणि विधानपरिषदेत आणि राज्यसभेतही त्या याच विषयावर बोलत राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं हा विषय हाती घेतला. १९५२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आखणारा भारत हा जगातला पहिला देश. हेतू चांगला होता. पण हळूहळू घराचा हिशेब मागे पडला आणि उद्दिष्टं आली. तालुक्याला इतक्या केसेस, उपकेंद्राला इतक्या केसेस. ‘केस’ हा शब्द तेव्हा कोणाला खटकतही नव्हता. मग आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या, त्यांतल्या ६२ लाख पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळानं तर १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. सुधारणावादाच्या आपल्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो. हे विधेयकही आपल्याच विधिमंडळात मंजूर झालं, हे विसरून चालणार नाही.

त्या जबरदस्तीवर लोकांनी १९७७च्या निवडणुकीत राग काढला. सरकारं धडा शिकली, पण भलताच. पुरुषांच्या वाटेला जायचं नाही, एवढाच धडा त्यांनी घेतला. कार्यक्रम बायकांकडे वळला आणि तिथेच राहिला. २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं होतं. नवऱ्यानं करून घेतल्याचं प्रमाण होतं ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, पोट उघडावं न लागणारी, बायकांची पोटाची. तरीही हे प्रमाण. २०१४च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या तखतपूरच्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या आणि पुढच्या काही दिवसांत डझनाहून जास्त बायका मेल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. ‘घराला तिसरं परवडत नाही’ या एका वाक्याची किंमत त्या बायकांनी मोजली, आणि ते वाक्य त्यांच्यापैकी कितीजणींनी स्वतः उच्चारलं होतं, हे विचारायला कोणी उरलं नाही.

मुलगा-मुलीचा मुद्दा टाळून पुढे जाता येत नाही. छोटं कुटुंब हवं पण त्यात मुलगा हवाच, असा दुहेरी हट्ट आपण धरला. दोनच मुलं ‘परवडतात’, तर त्यातली एक जागा मुलीवर घालवायची कशाला, असा तो विचार. हुंडा आणि लग्नखर्च म्हणजे मुलगी खर्चाच्या बाजूला. मुलगा म्हातारपणाची काठी म्हणून जमेला. सोनोग्राफीनं हे गणित निर्दयपणे सोपं केलं. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ साली; केंद्राचा कायदा १९९४चा. तरी २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. पुन्हा बीड. पहिल्या दोन मुली झालेल्या बाईला ‘ऑपरेशन कर’ म्हणणारं कोणी भेटत नाही. तिला तिसरं, चौथं मूल परवडतं. कारण ते मुलग्यासाठी असतं आणि खर्च तिच्या अंगावरचा असतो.

यात भर म्हणून दोन अपत्यांचा नियम. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला आपल्या राज्यात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही ही अट आली. वाचताना नियम पुरुषाला आणि बाईला सारखाच आहे. घरात तो सारखा उतरत नाही. माजी सनदी अधिकारी निर्मला बूच यांनी हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश, ओरिसा आणि आंध्र या राज्यांत या अटीचा अभ्यास केला होता. पद वाचवण्यासाठी बायकोला सोडून देणं, मूल आपलं नाही म्हणणं, दुसऱ्याला देऊन टाकणं, चोरून गर्भपात, हे सगळं त्यांना आढळलं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं हरियाणाची ही अट वैध ठरवली. तरी हिमाचल, मध्य प्रदेश, हरियाणा यांनी ती पुढे स्वतःच काढून टाकली आणि २०२४ साली आंध्रनंही. महाराष्ट्रानं ठेवली आहे. तिसरं मूल ठरवण्यात जिचं मत विचारलं गेलं नाही, तिची सरपंचकी त्याच मुलापायी जाते. १.७ जननदर असलेल्या राज्यात ही अट ठेवण्याचं एकही कारण मला सापडत नाही.

आणि आता वारं उलटं फिरू लागलं आहे. आंध्रचे मुख्यमंत्री लोकांना जास्त मुलं व्हायला हवीत असं म्हणू लागले. चीननं १९८०पासून ‘एकच मूल’ लादलं, २०१६ पासून दोन, २०२१ मध्ये तीनची मुभा दिली; तिथल्या बायका आता ऐकायला तयार नाहीत. दक्षिण कोरियात २०२३ साली जननदर ०.७२ झाला. आपल्याकडेही कुणी दोनच्या जागी तीन करा, अमक्या समाजानं चार करा, असे आदेश व्यासपीठांवरून देतं. कमी करा म्हणणारे आणि जास्त करा म्हणणारे मला एकाच जातीचे वाटतात. दोघांनाही आकडा हवा आहे आणि तो दुसऱ्याच्या पोटातून हवा आहे. १९६८ साली तेहरानच्या मानवी हक्क परिषदेत जगातल्या देशांनी मान्य केलं होतं, की मुलं किती आणि किती अंतरानं हे मोकळेपणानं आणि जबाबदारीनं ठरवणं हा आईबापांचा मूलभूत हक्क आहे. त्यातला ‘मोकळेपणानं’ सरकारांनी वगळला आणि ‘जबाबदारीनं’ एकट्या आईच्या पदरात टाकला.

पुण्यातल्या, मुंबईतल्या एकुलत्या मुलांच्या आईवडिलांची काळजी मला कळते. मुलगा कॅलिफोर्नियात, इकडे दोन म्हातारी माणसं तिसऱ्या मजल्यावर. दुसरं असतं तर, असं मनात येतंच. पण अपत्यांची संख्या हे वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन नव्हे. ते ज्या समाजानं द्यायचं त्यानं दिलं नाही, म्हणून आपण ते सुनेच्या कुशीकडून मागतो आहोत.

मग करायचं काय? वहीत तो रकाना आखायचा आणि मग तो आकडा कसा कमी होईल ते पाहायचं. २०१९च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे आपल्या देशात घरकाम करणारी बाई रोज २९९ मिनिटं त्यात घालवत होती. घरकाम करणारा पुरुष ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत एक. हा आकडा हलल्याशिवाय घरातला हिशेब हलणार नाही. २०१७च्या सुधारित कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. पण इचलकरंजीच्या कापड दुकानात पन्नास माणसं नसतात, उसाच्या फडात तर मालकच सापडत नाही. जिथं बाया खरोखर काम करतात तिथं हा कायदा पोचत नाही. अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली आणि आता गावागावांत आहे; तीच संध्याकाळपर्यंत उघडी राहिली, तिथल्या ताईला दुसरी मदतनीस आणि नीट पगार मिळाला, तर माझ्या विद्यार्थिनीचे ते पाच लाख अठ्ठावीस हजार बुडणार नाहीत. त्या पैशात दुसरं मूल परवडतं की नाही, हे मग तिला खरोखर ठरवता येईल. हवं असेल तर हवं, नको असेल तर नको.

शेवटी एक नेमकी गोष्ट, कारण सिस्टर इथे असत्या तर त्यांनी नेमकंच सांगितलं असतं. पुरुषांच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेला पंधरा-वीस मिनिटं लागतात. भूल तेवढ्या जागेपुरती. त्याच दिवशी घरी जाता येतं. अंगातली ताकद जात नाही, काही दिवसांनी शेतातली कामं, वजन उचलणं पूर्ववत करता येतं, शरीरसंबंधांत फरक पडत नाही. पहिले तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि मग तपासणी करून घ्यावी लागते. सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. या व्याख्यानानंतर आपल्या ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर या सभागृहात थांबणार आहेत. त्यांना प्रश्न विचारायला पुरुषांनी पुढे यावं, अशी माझी विनंती आहे.